रक्त वाढवायचं, पण विचारून

किन्हवलीहून एका सुनेचं पत्र आलंय. सासूबाईंच्या स्तनातल्या गाठीचं ऑपरेशन झालं, आता मुंबईला केमोथेरपी चालू आहे. पहाटेची एस.टी. धरून आसनगाव, पुढे लोकल. त्या लिहितात, "आसनगावचा जिना चढताना आईंना दोनदा थांबावं लागतं. रिपोर्टात हिमोग्लोबिन 8.9 आलंय. शेजारच्या काकूंनी रक्तवाढीच्या टॉनिकची बाटली आणून दिली. जाऊबाई म्हणतात, रक्त वाढवायचं इंजेक्शन मिळतं, तेच मागून घ्या. काय करू?"

बाई, बाटली तूर्त फडताळातच राहू द्या. काकूंचा हेतू चांगला आहे, पण सासूबाईंचं रक्त केवळ खाण्यापिण्याच्या आबाळीनं कमी झालेलं नसणार. रक्त हाडांच्या पोकळीतल्या मगजात तयार होतं. केमोचं औषध कॅन्सरच्या पेशींबरोबर या मगजालाही दमवतं. शिवाय शरीरात लोह कमी असू शकतं, ते तपासणीतच कळतं. तपासल्याशिवाय औषध ठरवायचं कसं?

त्या टॉनिकात बहुधा फॉलिक ॲसिड असेल. त्याची गोष्ट आपल्या परळची आहे. 1928 साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईला आल्या. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायकांना पंडुरोग का होतो, याचा शोध त्यांनी हाफकिन संस्थेत घेतला. आधी उंदीर, मग माकडं असं करत यीस्टच्या स्वस्त अर्काचा गुण त्यांनी दाखवून दिला. त्यातला गुणकारी घटक म्हणजे पुढे ओळखलं गेलेलं फॉलिक ॲसिड. लाखो गरोदर बायकांचं त्यानं भलं झालं. पण रक्ताचा कॅन्सर झालेल्या मुलांत त्याच जातीच्या औषधानं रोग उलट बळावल्यासारखा वाटला. मग अमेरिकेत सिडनी फार्बर यांनी त्याच्या विरुद्ध काम करणारं औषध मुलांना दिलं आणि 1948 साली काही काळ रोग हटल्याचं जाहीर केलं. केमोथेरपीची ही पहिली पावलं! आजही मेथोट्रेक्सेट हे औषध याच घराण्यातलं. ते चालू असताना मनानं फॉलिक ॲसिड घेणं म्हणजे एका हातानं दिलेलं दुसऱ्या हातानं काढून घेणं. उलट एका वेगळ्या केमोबरोबर डॉक्टर स्वतःच फॉलिक ॲसिड देतात. म्हणून म्हणते, विचारा.

आता जाऊबाईंचं इंजेक्शन. एरिथ्रोपोएटिन हा रस आपलं मूत्रपिंड तयार करतं आणि तो मगजाला रक्त बनवायला सांगतो. कारखान्यात बनवलेला हा रस टोचला की हिमोग्लोबिन चढतं, हे खरं. पण डोक्या-मानेच्या कॅन्सरसाठी किरणोपचार घेणाऱ्या 351 रुग्णांवर त्याची चाचणी झाली. काहींना खरं इंजेक्शन, काहींना नुसतं दिसायला तसंच. कोणाला काय दिलं ते रुग्णालाही ठाऊक नाही, डॉक्टरांनाही नाही. 2003 साली निकाल आला. खरं इंजेक्शन घेणाऱ्यांचं रक्त वाढलं, पण कॅन्सर मात्र त्यांच्यातच जास्त बळावला! इतर चाचण्यांतही रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दिसला आणि 2007 साली अमेरिकेच्या औषध खात्यानं कडक इशारा छापायला लावला. आता जिथं रोग बरा करण्यासाठी केमो चालते, तिथं हे इंजेक्शन सहसा देत नाहीत. डॉक्टरांनी ते दिलं नाही म्हणजे हयगय केली, असं मुळीच समजू नका.

मग करायचं काय? लोह कमी निघालं तर गोळ्या किंवा शिरेतून लोह देतात. हिमोग्लोबिन 7-8 च्या खाली गेलं किंवा त्रास फार झाला, तर रक्त चढवतात.

घरी नाचणीची भाकरी, शेवग्याचा पाला, डाळी, चालत असेल तर अंडं, नीट शिजवलेली मासळी द्या. जेवणात लिंबू पिळा, चहा मात्र जेवणानंतर तासाभरानं. बीटाचा रस लाल असतो म्हणून रक्त होतं, ही समजूत तेवढी सोडा. बसल्याजागी धाप लागली, छातीत दुखलं, घेरी आली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता शहापूरचं सरकारी रुग्णालय गाठा.

पुढच्या खेपेला ती बाटली पिशवीत घालून न्या आणि तिच्यावरची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवा. केमोच्या औषधांची नावं वहीत लिहून घ्या. दिरांनाही बरोबर न्या. जिन्यावर आधार होईल आणि रक्त द्यायची वेळ आलीच तर दाता शोधत फिरावं लागणार नाही.