श्रद्धा आली की डोकं बंद?

"श्रद्धाळू माणसाशी वाद घालू नये, त्याचं डोकं बंद असतं!" ऑफिसात चहाच्या टपरीवर हे वाक्य हमखास येतं. या वीकेंडला जासईत घरी निवांत होतो, तेव्हा त्यावर एक सणसणीत उत्तर सुचलं: पंडिता रमाबाई!

१८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण खरी गंमत त्यानंतरची. ज्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता, त्यांच्याशीच पत्रांतून वाद सुरू. त्रैक्य म्हणजे नेमकं काय? चर्च सांगतं म्हणून मी का मानायचं? सिस्टरना हा अहंकार वाटला. रमाबाईंचं म्हणणं सरळ होतं, सदसद्विवेकबुद्धी देवानेच दिलीय, ती दुसऱ्याकडे गहाण का टाकू?

बरं, इतके प्रश्न विचारून श्रद्धा गेली का? नाही! पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं. १९२२ मध्ये वारल्या, तोवर हेच काम.

अर्थात बुद्धी पुरते असंही नाही. आपल्याला आधी ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त नंतर, असं त्यांनीच पुढे लिहून ठेवलंय. म्हणजे तर्क दारापर्यंत नेतो, आत पाऊल आपलं आपणच टाकायचं. पण दार न तपासता कुणी ढकललं म्हणून आत गेलात, तर ती श्रद्धा तुमची कशी? ती ढकलणाऱ्याची!

हे फक्त ख्रिस्ती लोकांनाच लागू आहे का? तुम्हीच सांगा.