पत्रिकेत न दिसणारी जमीन



मृदा आरोग्य पत्रिका हाती असताना पुनरुत्पादक शेतीवाल्यांची वेगळी माती तपासणी म्हणजे थोतांड, असे गेल्या अंकातील पत्रलेखक म्हणतात. २०१५ साली सुरू झालेल्या या पत्रिकेत १२ घटक आहेत, सेंद्रिय कर्बही आहे, हे खरेच. पण कोरडवाहू भागात १० हेक्टरच्या चौकटीमागे एक नमुना, अशी पद्धत ठरली. विदर्भात तेवढ्यात कितीतरी कास्तकारांची वावरे येतात. एकाचे बरड, दुसऱ्याचे भारी काळे. शिवाय पाणी किती मुरते, गांडुळे आहेत का, हे पत्रिका सांगतच नाही. पावसावरच्या कपाशीला तर मुरलेला ओलावाच तारतो. जमिनीत पाणी मुरेल का, हे कळायला बांधावरच्या गवताखालचे आणि वावरातले, अशी दोन वाळलेली ढेकळे पाण्यात सोडून पाहावीत. कोणते आधी फुटते, ते पाहायला प्रयोगशाळा लागत नाही.

कपाशीची पऱ्हाटी काढून जाळावी, हे त्या पत्रलेखकांचे म्हणणे मात्र निम्मे पटते. गुलाबी बोंडअळीमुळे ती उभी ठेवणे परवडत नाही. पण म्हणून जाळायची कशाला? कुट्टी करून कुजवता येते.

कृषी विभागाने नमुने वावरनिहाय घ्यावेत आणि पाणी मुरण्याची नोंद पत्रिकेत जोडावी, ही विनंती.

— एक कापूस उत्पादक, जि. यवतमाळ