ऑटोमॅटिक गाडीला क्लच बसवण्याआधी

पुण्या-मुंबईत सात-आठ वर्षं वापरलेल्या ऑटोमॅटिक गाड्या आता आपल्या हिंगोली भागात बऱ्याच दिसू लागल्या आहेत. किमतीला बऱ्या पडतात, घरच्या म्हाताऱ्या माणसांनाही बसायला सोयीच्या. मग एक दिवस नरसी नामदेवच्या रस्त्यावर गिअर पडत नाही, मीटरमध्ये दिवा लागतो आणि कुणीतरी सांगतं, ‘हे काढून टाका. भंगारातून साधा गिअरबॉक्स आणू, क्लच बसवू, घरीच होतंय.’ बाबांनो, हे करू नका. एवढंच सांगायला हे लिहितोय.

आधी आपली गाडी कोणत्या जातीची ते ओळखा. २०१४ साली सेलेरिओबरोबर आपल्याकडे एएमटी आली. पुढं ती क्विड, टियागो, वॅगन आर अशा लहान गाड्यांत पसरली. तिच्यात गिअरबॉक्स साधाच असतो, क्लच प्लेटही असते. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम यंत्र करतं. त्यामुळं गिअर अडकला म्हणजे गिअरबॉक्स गेला, असं नाही. कितीतरी वेळा बॅटरी कमजोर असते, ब्रेक पेडलचा स्विच खराब असतो किंवा प्लेट झिजलेली असते. प्लेट बदलल्यावर स्कॅनर लावून यंत्राला नव्या प्लेटची ओळख करून द्यावी लागते. ते राहिलं की गाडी झटके देते आणि मालक पुन्हा गिअरबॉक्सलाच दोष देतो. टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटी या जाती अगदी वेगळ्या. त्यांची निम्मी तब्येत तेलावर असते, आणि ते तेल कंपनीनं सांगितलेल्याच प्रकारचं लागतं.

आता बदलायचंच ठरवलं, तर काय काय लागतं ते बघा. नुसता गिअरबॉक्स आणून भागत नाही. क्लच पेडल, केबल किंवा सिलिंडर, फ्लायव्हील, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, गिअर लिव्हर, फाउंडेशन (माउंटिंग), कधी कधी एक्सलसुद्धा. एवढं जमलं तरी इंजिनचा कॉम्प्युटर जुन्या गिअरबॉक्सला शोधत बसतो. तो प्रोग्राम बदलल्याशिवाय गाडी कधी सुरू होत नाही, कधी रेस देत नाही.

खरा धोका पुढंच आहे. ऑटोमॅटिक गाडी गिअरमध्ये असताना सुरू होऊ नये, यासाठी कंपनीनं स्विच दिलेला असतो. बदल करताना गाडी सुरू होईना म्हणून त्या वायरी एकमेकींना जोडून टाकतात. नंतर गाडी गिअरमध्ये राहिली, अंगणात पोरं खेळत असली आणि कुणी सहज चावी फिरवली, तर गाडी पुढं उडी मारते. ही एक गोष्ट मला या सगळ्या खटाटोपात सर्वांत जास्त भीतीची वाटते.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं अशा बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. शिवाय अपघात झाला तर विमा कंपनी नाही म्हणायला हेच कारण पुढं करू शकते.

मग करायचं काय? स्कॅनर असलेल्या गॅरेजमध्ये एररचे कोड काढून घ्या. ते कागदावर लिहून मागा आणि दुसऱ्या मिस्त्रीलाही दाखवा. दुरुस्ती परवडत नसेल तर गाडी काय दोष आहे ते सांगून विका आणि क्लचचीच गाडी घ्या. भंगारातला गिअरबॉक्स, इतर सामान, मजुरी आणि वायरिंग यांची बेरीज करून बघा. तेवढे पैसे त्या क्लचच्या गाडीत घातले तर बऱ्याचदा निभावून जातं.

आणि एएमटी असेल तर आषाढ वद्य एकादशीच्या परतवारीला नरसीत येताना एवढं सांभाळा. गर्दीत गाडी रेसवर धरून ठेवू नका, चढावर तर मुळीच नाही. तशानं प्लेट घासते आणि जळते. पुढची गाडी थांबली की न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा. जळका वास आला तर गाडी कडेला घ्या, बॉनेट उघडा आणि ती पुरती थंड होईपर्यंत दर्शन करून या.