दुधातली साखर आणि तारापूरची पेढी

पारशी म्हटले की आपल्याला दुधात विरघळलेली साखर आठवते. कथा गोड आहे खरी. पण तिच्यात पारशी कायमचे पाहुणेच राहतात. तारापूरचा इतिहास याहून वेगळे काही सांगतो.

नव्वदच्या दशकात मी बोईसरला बँकेत होतो. दर महिन्याला तारापूरहून एक वृद्ध पारशी बाई पेन्शन न्यायला येत. "दीकरा, हा धंदा तर आमच्या तारापूरचा!" असे त्या हसत म्हणत. मला ती थट्टा वाटे. सही पडताळून मी पुढच्या ग्राहकाकडे वळत असे.

ती थट्टा नव्हती, हे निवृत्तीनंतर वाचनात आले. तारापूरचे विकाजी आणि पेस्तनजी मेहेरजी हे बंधू एकोणिसाव्या शतकात निजामाच्या हैदराबादेत मोठे सावकार होते. वऱ्हाडचा कापूस मुंबईला आणणाऱ्या पहिल्या व्यापाऱ्यांत त्यांची गणना होते. औरंगाबादच्या टांकसाळीतले त्यांच्या काळचे रुपये 'पेस्तनशाही' म्हणून ओळखले गेले. पुढे निजाम सरकारला दिलेले कर्ज थकले आणि १८४०च्या दशकात पेढी बुडाली. थकबाकीचे दुखणे आम्हा बँकवाल्यांना नवे नाही!

१७३९ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून जिंकलेला तारापूरचा किल्ला पेशव्यांनी याच विकाजींना इनाम दिला. गावातली अग्यारीही त्यांनीच १८२० च्या सुमारास बांधली. पाहुण्याला कोणी किल्ला देत नाही. तो आपल्या माणसाला दिला जातो.

१९४१ मध्ये अखंड हिंदुस्थानात सुमारे १ लाख १४ हजार पारशी होते. २०११ च्या जनगणनेत भारतात ५७,२६४ उरले. माणसे कमी झाली की त्यांच्या आठवणी सांभाळण्याचे काम शेजाऱ्यांवर येते.

आज बोईसरच्या कारखान्यांत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेली माणसे राबतात. त्यांना आपण सहज 'बाहेरचे' म्हणतो. त्यांची आणि आपली मुले एकाच शाळेत शिकतात. त्या शाळांनी वर्षातून एकदा तरी मुलांना तारापूरला न्यावे. अग्यारीत पारशांखेरीज कोणाला प्रवेश नसतो. तो नियम पाळून बाहेरूनच ती दाखवावी आणि विकाजींची गोष्ट सांगावी. बाहेरून आलेले गावाचे कसे होतात, हे मुलांना तिथे आपोआप कळेल.

त्या बाईंचे खाते पुढे बंद झाले. कागदपत्रे मीच तपासली. त्यांच्या घराण्याची, गावाची हकीकत मात्र मी कधी विचारली नाही. लिहिणाऱ्या माणसाला ही चूक अजून सलते.