चारचौघांत : दोन मिनिटांची घाई आणि दहा टँकर पाणी



कालवा म्हटला, की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? धरणातून निघून उसाच्या शेतांकडे जाणारं पाणी, हो ना? इंग्लंडमध्ये मात्र कालवा म्हणजे चक्क रस्ता! आगगाड्या यायच्या कितीतरी आधी, १७६१मध्ये, मँचेस्टर शहराला कोळसा पोचवण्यासाठी ब्रिजवॉटर कालवा सुरू झाला. जेम्स ब्रिंडली हा त्याचा इंजिनियर. मग पुढच्या साठ-सत्तर वर्षांत तिथे कालव्यांचं जाळंच पसरलं. काठाच्या पायवाटेवरून घोडा चालायचा, त्याला दोरानं बांधलेली बोट मागून यायची आणि बोटीत कोळसा, धान्य, चिनीमातीची भांडी असायची. पुढे रेल्वे आली, मोटारी आल्या. १९६२-६३च्या कडाक्याच्या थंडीत कालवे गोठून गेले आणि मालाची ने-आण जवळजवळ संपलीच.

पण कालवे संपले नाहीत बरं का! आज कुणी सुट्टीत भाड्यानं बोट घेऊन आठवडाभर फिरतं, तर कुणी वर्षभर बोटीतच राहतं. या बोटींना म्हणतात नॅरोबोट. रुंदी जेमतेम दोन मीटर आणि लांबी मात्र एकवीस-बावीस मीटरपर्यंत. जणू पाण्यावरचा आगगाडीचा डबा! वेगमर्यादा तासाला चार मैल, म्हणजे साधारण साडेसहा किलोमीटर. भरभर चालणारा माणूस बोटीच्या बरोबरीनं जाऊ शकतो.

इतक्या सावकाश जाणाऱ्या लोकांना घाई ती कसली असणार, असं तुम्ही म्हणाल. पण या कालव्यांवर एक जागा अशी आहे, जिथे भल्याभल्यांचा धीर सुटतो. तिचं नाव 'लॉक'.

हे लॉक म्हणजे दाराचं कुलूप नव्हे. हा आहे पाण्याचा जिना. वाटेत चढ आला, की रस्ता चढून जातो. पाणी कसं चढणार? म्हणून कालव्यात एक लांबट दगडी खोली बांधतात. तिला वरच्या बाजूला दरवाजे आणि खालच्या बाजूलाही दरवाजे. बोटीला वर जायचं असेल, तर खोलीतलं पाणी आधी खाली उतरलेलं हवं. बोट आत येते, मागचे दरवाजे बंद होतात. मग वरच्या बाजूच्या झडपा उघडायच्या. वरच्या कालव्यातलं पाणी आत येतं आणि बोट आपोआप वर उचलली जाते. दोन्हीकडचं पाणी एका पातळीला आलं, की वरचा दरवाजा उघडतो आणि बोट पुढे निघते. खाली येणाऱ्या बोटीसाठी हेच सगळं उलट.

यात पंप नाही. बहुतेक ठिकाणी वीजही नाही. झडपा फिरवायच्या त्या एल आकाराच्या लोखंडी हँडलनं, त्याला विंडलास म्हणतात. आणि दरवाजे उघडायचे ते त्यांच्या लांबलचक तुळईला पाठ टेकवून, पाय रोवून ढकलत. पाण्याची पातळी सारखी होईपर्यंत मात्र दहा पैलवान आणलेत, तरी दरवाजा हलायचा नाही!

आता जरा वही-पेन्सिल घ्या. लहान लॉकची लांबी धरू २२ मीटर, रुंदी २.२ मीटर आणि पाण्याचा चढ-उतार २ मीटर. करा गुणाकार. ९६.८ घनमीटर, म्हणजे जवळजवळ ९७ हजार लिटर! आपल्याकडे उन्हाळ्यात गावात दहा हजार लिटरचा टँकर येतो ना? तसले जवळजवळ दहा टँकर. लॉक एकदा रिकामं केलं, की एवढं पाणी खाली गेलं. ते आपण होऊन पुन्हा वर चढत नाही.

आता समजा, तुम्ही बोट घेऊन लॉकच्या खालच्या बाजूला आला आहात. लॉक भरलेलं आहे. तुम्हांला ते रिकामं हवंय. तेवढ्यात वरच्या बाजूनं एक बोट येताना दिसते. अजून ती शे-दीडशे पावलांवर आहे. काय कराल? झटकन झडपा उघडून लॉक रिकामं कराल आणि आपली बोट आत घालाल?

कालव्यावरची रीत सांगते, की थांबा. भरलेलं लॉक वरून येणाऱ्याचं, रिकामं लॉक खालून येणाऱ्याचं. समोरून कुणी येत असेल, तर त्याच्या डोळ्यांदेखत लॉक उलटवायचं नाही. कुणीच दिसत नसेल, तर मात्र खुशाल उलटवा.

ही रीत नुसती 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' अशी नाही हं. तिच्यामागे पक्का हिशेब आहे. तुमच्या इमारतीतली लिफ्ट आठवा. लिफ्ट चौथ्या मजल्यावर उभी आहे आणि तिथल्या आजी दारापाशी पोचल्यात. तुम्ही तळमजल्यावर आहात. तुम्ही बटण दाबून रिकामी लिफ्ट खाली आणलीत, तर तिची एक फेरी फुकट गेली. तीच लिफ्ट आजींना घेऊन खाली आली असती, तर त्याच फेरीत तुमचंही काम झालं असतं. लॉकचंही तसंच. फरक इतकाच, की ही लिफ्ट दर फेरीला दहा टँकर पाणी पिते!

आणि गंमत पाहा. लॉक रिकामं व्हायला जितकी मिनिटं लागतात, तितकी तुम्हांला थांबावंच लागणार आहे. मग त्यात समोरची बोट असो वा नसो. तिला आधी येऊ दिलंत, तर तुमची जास्तीची मिनिटं जातात ती फक्त तिच्या आत येण्याची आणि बाहेर पडण्याची. उलट ती बाहेर पडताना खालचा दरवाजा तुमच्यासाठी उघडाच राहतो. म्हणजे घाई करून तुम्ही वाचवलीत दोन-चार मिनिटं. समोरच्याची गेली दहा-पंधरा मिनिटं. आणि सगळ्यांचं मिळून गेलं एक लॉकभर पाणी.

पाणी जाऊन जाऊन कुठे जाणार, असं म्हणू नका. कालव्याच्या सगळ्यांत उंच टप्प्याला पाणी मिळतं ते बहुधा डोंगरातल्या तलावांतून. पाऊस कमी पडला, की तलाव आटतात. २०२५च्या उन्हाळ्यात इंग्लंडात इतका कमी पाऊस झाला, की लीड्स-लिव्हरपूल कालव्याच्या मोठ्या भागातली लॉक बंद ठेवावी लागली. पावसाच्या देशातसुद्धा असं होतं!

म्हणूनच रुंद लॉक असेल, तिथे आणखी एक रीत पाळतात. रुंद लॉकमध्ये दोन नॅरोबोटी शेजारी शेजारी मावतात. मागून कुणी येत असेल, तर पाच मिनिटं थांबायचं आणि जोडीनं जायचं. डिव्हायझेस गावाजवळ केन हिल नावाचा चढ आहे. तिथे एकापाठोपाठ एक २९ लॉक आहेत, त्यांतली १६ तर एका सरळ रेषेत! एकट्यानं गेलात, तर हँडल फिरवून दंड भरून येतात. जोडीनं गेलात, तर मेहनत निम्मी आणि पाणीही निम्मं. शिवाय गप्पांना सोबत.

दुसरी परीक्षा असते आपण बाहेर पडल्यावर. आपली बोट तर निघाली. आता मागे कुणी दिसत नाही. झडपा बंद केल्या काय, न केल्या काय, कोण बघतंय? पण एखादी झडप अर्धवट उघडी राहिली, तर रात्रभर पाणी झिरपत राहतं. दोन लॉकच्या मधला कालव्याचा टप्पा सकाळपर्यंत रिकामा होऊ शकतो. तिथे बोट बांधून झोपलेले लोक जागे होतात, तेव्हा त्यांची बोट चिखलात कलंडलेली असते. मग वरून पाणी सोडून टप्पा भरेपर्यंत कुणालाच हलता येत नाही. म्हणून बोट बाहेर पडली, समोरून कुणी येत नाही ना ते पाहिलं, की दरवाजे बंद आणि झडपाही बंद. त्याही हँडलनं हळूहळू खाली आणायच्या, धाडकन सोडून द्यायच्या नाहीत.

तिसरी गोष्ट ऐकून तुम्हांला नवल वाटेल. लॉकवर मदत करणाराही कधी कधी त्रासदायक ठरतो! एखादा उत्साही गृहस्थ न विचारता धावत येतो आणि फटाफट सगळ्या झडपा उघडतो. त्याला वाटतं, आपण केवढं काम केलं. पण बोट वर चढत असताना वरच्या दरवाजातल्या झडपा एकदम उघडल्या, तर पाण्याचा लोंढा थेट बोटीच्या पुढच्या भागात कोसळू शकतो. बोट पुढे-मागे आपटते. आत कुणी चहाचं आधण ठेवलेलं असेल, तर विचारूच नका.

खाली उतरताना धोका वेगळा. वरच्या दरवाजाच्या खाली दगडी उंबरठा असतो. लॉक भरलेलं असताना तो पाण्याखाली असल्यामुळे दिसत नाही. पाणी उतरत असताना बोटीचं मागचं टोक त्या उंबरठ्यावर राहिलं, तर बोट पुढून खाली जाते, मागून अडकते. वेळीच झडपा बंद झाल्या नाहीत, तर ती बुडतेही. म्हणून उंबरठा कुठवर आहे, ते दाखवायला काठावर खूण केलेली असते. बोट तिच्या पुढे ठेवायची आणि हँडल धरणाऱ्यानं बोट चालवणाऱ्यावर नजर ठेवायची. तो 'थांबा' म्हणाला, की वाद नको, प्रश्न नको, झडप आधी बंद. काठावर उभं राहणाऱ्याला सगळं सोपं दिसतं, जीव मात्र बोटीतल्या माणसाचा टांगणीला असतो. म्हणून कालव्यावरचे समजूतदार लोक हँडल हातात घ्यायच्या आधी विचारतात, "मदत करू का? हळू उघडू की पूर्ण?" किती साधा प्रश्न आहे, नाही का?

आणि चौथी गोष्ट जाणत्यांची. भाड्यानं बोट घेऊन आलेलं एखादं कुटुंब पहिल्यांदाच लॉक ओलांडत असतं. बाबा सुकाणूपाशी गोंधळलेले, आई हँडल उलटं फिरवतेय, मुलं दोर घेऊन उभी. मागे रांग लागते. अशा वेळी काही जुने बोटवाले हातावरच्या घड्याळाकडे बघत सुस्कारे टाकतात, कुणी खेकसतातही. घाबरलेला माणूस आणखी चुकतो, आणि वेळ आणखी जातो. पण त्याच रांगेतून एखादी बाई पुढे येते, हँडल कसं धरायचं ते दाखवते, उंबरठ्याची खूण दाखवते. पुढच्या लॉकला ते कुटुंब तिच्याशिवाय पार होतं. नियम दोघांनाही माहीत होते, सुस्कारा टाकणाऱ्याला आणि त्या बाईला. उपयोग कुणाच्या माहितीचा झाला, ते तुम्हीच ठरवा.

लेस्टरशायरमध्ये फॉक्सटन इथे तर लॉकना लॉक चिकटून आहेत. पाच-पाच लॉकचे दोन जिने आणि मध्ये बोटींना एकमेकींच्या बाजूनं जायला जागा. तिथे मनाला येईल तेव्हा शिरता येत नाही. आधी लॉककीपरला भेटायचं, तो सांगेल तेव्हाच निघायचं. झडपांच्या यंत्रांना लाल आणि पांढरा असे दोन रंग दिलेत. आधी लाल उघडायची, मग पांढरी. क्रम चुकला, की पाणी भलतीकडे जातं आणि आपल्याबरोबर इतरांचाही खोळंबा होतो.

आता सांगा, या सगळ्यात अवघड असं काय आहे? समोर कुणी येतंय का ते पाहणं, उघडलेलं बंद करणं, विचारून मदत करणं, शिकणाऱ्याला शिकू देणं. चारही गोष्टी पाचवीतल्या मुलाला कळतील. तरी मोठी माणसं चुकतात. कारण ज्याची गैरसोय होणार असते, तो बहुतेक वेळा आपल्याला दिसतच नाही. तो वळणापलीकडे असतो, किंवा उद्या सकाळी येणार असतो. समोरच्याशी गोड बोलणं सोपं. न दिसणाऱ्या माणसाचा विचार करणं, हीच खरी रीतभात.

असा न दिसणारा माणूस तुमच्याही अवतीभवती आहे. शाळेतला नळ तुमच्यानंतर कोण उघडणार आहे? वाचनालयातलं पुस्तक तुमच्यानंतर कुणाला हवंय? जिन्यात आडवी लावलेली सायकल अंधारात कुणाच्या पायात येणार आहे? या आठवड्यात अशी निदान तीन माणसं शोधा आणि त्यांच्यासाठी तुम्ही काय केलंत, ते आम्हांला पत्रानं कळवा.

आणि आईबाबा, तुम्हीही सुटला नाहीत बरं! सिग्नल पिवळा झाला, की तुमचा पाय कशावर पडतो, ब्रेकवर की ॲक्सिलरेटरवर? मागच्या सीटवरून कुणीतरी बघत असतं, एवढं ध्यानात असू द्या.

तर भेटू पुढच्या आठवड्यात.