पडद्यावरील चित्राचें नांव कोणाच्या मालकीचें?

चित्रपटगृहाच्या दाराशीं एक पाटी असते आणि आंत एक पडदा असतो. पाटीवर असतें तें ठरलेलें. पडद्यावर दिसतें तें घडलेलें. या दोहोंत अंतर पडलें तर खरें कोणतें मानावें, याविषयीं शहाण्या माणसास शंका येण्याचें कारण नाहीं. तरीहि आज पाटीलाच प्रमाण मानण्याची रीत पडली आहे. याचें कारण असें कीं, पडद्यावर या क्षणीं काय चालू आहे हें ज्या यंत्रास पक्कें ठाऊक असतें, तें यंत्र गृहाच्या मालकाशींहि मोकळेपणानें बोलत नाहीं. हें मौन अनिष्ट आहे, त्याच्या समर्थनार्थ पुढें केलीं जाणारीं कारणें लंगडीं आहेत, आणि तें मोडण्याची चाड केवळ तंत्रज्ञांनाच नव्हे, तर इतिहास व वाङ्मय यांच्या अभ्यासकांनाहि असली पाहिजे, असें आमचें मत आहे.

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊं. हॉलीवूडच्या मोठ्या स्टुडिओंनीं २००२ सालीं ‘डिजिटल सिनेमा इनिशिएटिव्हज्’ ही संस्था काढली व जुलै २००५ मध्यें तिनें आपली पहिली नियमावली प्रसिद्ध केली. त्या नियमावलीप्रमाणें चित्रपट म्हणजे आतां फाइलींचा एक गठ्ठा आहे. त्यांतील चित्रें जेपेग-२००० पद्धतीनें आवळून १२८ बिटांच्या किल्लीनें कुलूपबंद करतात. ती किल्ली विशिष्ट सर्व्हरसाठीं व विशिष्ट मुदतीपुरतीच धाडली जाते. याच गठ्ठ्यांत ‘कॉम्पोझिशन प्लेलिस्ट’ नांवाची यादी असते. चित्रपटाचें नांव, त्याचा स्वतंत्र ओळख-क्रमांक आणि भागांचा क्रम तींत लिहिलेला असतो. जाहिराती, ट्रेलर व मुख्य चित्रपट यांच्या याद्या ओळीनें जोडून गृहचालक आपला खेळ बांधतो. खेळ सुरू झाला कीं सर्व्हरजवळ पळापळाचा हिशेब असतो: कोणता भाग चालू आहे, किती वेळ झाला, किती उरला, यंत्र चालतें आहे कीं थांबलें आहे.

फिल्मच्या काळीं हीच माहिती उघड्यावर असे. ऑपरेटर फिल्मच्या कडेला धातूच्या पातळ पट्टीचा तुकडा चिकटवी. तो यंत्रांतून सरकला कीं दिवे मंद होत किंवा दुसरा प्रोजेक्टर चालू होई. रीळ संपत आल्याची खूण म्हणून पडद्याच्या उजव्या कोपऱ्यांत वर एक वाटोळा ठिपका चमके. ती पट्टी चिकटविण्यास किंवा तो ठिपका वाचण्यास कोणाची परवानगी लागत नसे. आजचा सर्व्हर दिव्यांना ‘मंद व्हा’ एवढा विजेचा इशारा देतो. पण ‘मी अमुक चित्र दाखवीत आहे’ हें सांगावयाचें तर तो आपल्या उत्पादकाच्या खासगी बोलींत बोलतो, आणि एकाची बोली दुसऱ्यास कळत नाहीं. त्या बोलीचें व्याकरण कोणी मागितल्यावर देतो, कोणी आधीं गुप्ततेचा करार लिहून घेतो, तर कोणी ‘आमचाच व्यवस्थापनाचा प्रोग्राम विकत घ्या’ म्हणून सांगतो.

परिणाम काय होतो तो पाहा. दोन निराळ्या उत्पादकांचे सर्व्हर असलेल्या चार पडद्यांच्या एखाद्या गृहाची कल्पना करा. मालकाच्या अपेक्षा साध्या आहेत. दाराबाहेरील फलकावर चालू चित्राचेंच नांव यावें, श्रेयनामावली सुरू होतांच दिवे थोडे उजळावेत, खेळ संपण्यापूर्वीं दहा मिनिटें झाडलोट करणाऱ्यांस सूचना जावी. व्याकरण खुलें असेल तर गांवांतला एखादा होतकरू तरुण हें काम थोड्या दिवसांत करून देईल. तें खुलें नसल्यामुळें फलकाची तार तिकीटविक्रीच्या वेळापत्रकास जोडली जाते. मग खेळ वीस मिनिटें उशिरां सुरू झाला तरी फलक आपला घड्याळाप्रमाणें पुढें चालत राहतो!

प्रतिपक्षाचा पहिला आक्षेप चोरीचा. सर्व्हर बोलूं लागला तर चित्रपटांच्या चोरीस वाट मिळेल, असें सांगतात. पण कुलूप आहे तें चित्राला व ध्वनीला; नांवाची यादी मुळांतच कुलूपबंद नसते. तिच्यांत कोणी फेरफार करूं नये म्हणून तिच्यावर सही असते, एवढेंच. शिवाय जें नांव दारावरील भित्तिपत्रकावर हातभर अक्षरांत छापलें आहे, तें आंतल्या यंत्रानें उच्चारल्यानें कोणतें गुपित फुटतें? तिजोरीवर कुलूप असावें हें मान्य. पण तिजोरीवरच्या चिठ्ठीलाहि कुलूप घालणें याला सावधगिरी म्हणत नाहींत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बाहेरचा कच्चा प्रोग्राम सर्व्हरशीं बोलूं लागला तर तो चुकून चालता खेळ बंद पाडील, किंवा वारंवार प्रश्न विचारून यंत्रास हैराण करील. ही भीति खोटी नाहीं. परंतु तिच्यावरील उपाय मौन हा नव्हे. वाचण्याचा अधिकार व आज्ञा करण्याचा अधिकार हे दोन निराळे ठेवतां येतात. ग्रंथालयांत पुस्तक वाचण्यास मुभा असते म्हणून पानें फाडण्याची मुभा कोणी मागत नाहीं. केवळ वाचणारा स्वतंत्र दरवाजा ठेवावा, प्रश्नांच्या संख्येवर मर्यादा घालावी, आणि त्याहून बरें म्हणजे भाग बदलतांच सर्व्हरनेंच आपण होऊन वर्दी द्यावी. मग वारंवार विचारण्याचें कारणच उरत नाहीं.

तिसरा आक्षेप व्यापारी गुपिताचा. पण दूरच्या देखरेख-केंद्राशीं जोडलेल्या सर्व्हरांचा हिशेब तेथील नोकरास घरबसल्या दिसूं शकतो. जो मालक वीजबिल भरतो, ज्याच्या छपराखालीं यंत्र उभें आहे, त्यानेंच तेवढा अडाणी राहावें, हा कोठला न्याय?

हें सर्व अशक्य आहे असें म्हणण्यास तर तोंडच नाहीं. ‘सोसायटी ऑफ मोशन पिक्चर अँड टेलिव्हिजन इंजिनिअर्स’ या संस्थेनें २०१० सालीं ४३०-१० क्रमांकाचें मानक सिद्ध केलें. कर्णबधिर प्रेक्षकांस मथळे दाखविणाऱ्या उपकरणास सर्व्हरनें चित्र कोठवर आलें हें कसें कळवावें, याचें तें उघडें व्याकरण आहे. त्यायोगें चित्राचें कुलूप उघडें पडत नाहीं. आपल्या केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयानेंहि मार्च २०२४ मध्यें कर्णबधिर व दृष्टिहीन प्रेक्षकांच्या सोयीसाठीं चित्रपटगृहांकरितां मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं आहेत. एका कामापुरता जो मोकळेपणा निर्धोक ठरला, तो फलकासाठीं वा दिव्यांसाठीं धोक्याचा कसा ठरतो, हें कोणीतरी समजावून द्यावें.

आतां मराठी वाचकाच्या जिव्हाळ्याची गोष्ट. मल्टिप्लेक्समध्यें मराठी चित्रपटास मोक्याची वेळ मिळावी म्हणून महाराष्ट्र शासनानें २०१५ सालीं आग्रह धरला. सायंकाळीं सहा ते नऊ ही वेळ प्रथम जाहीर झाली, वादळ उठलें, आणि अखेर दुपारीं बारा ते रात्रीं नऊ असा सैल अर्थ निघाला. निर्माते म्हणतात, खेळ मिळत नाहींत. गृहचालक म्हणतात, दिले तर खुर्च्या रिकाम्या राहतात. वेळापत्रकांत छापलेला खेळ खरोखर झाला कीं प्रेक्षकांअभावीं रद्द झाला, हें सांगणारा निःपक्षपाती साक्षीदार प्रत्येक केबिनमध्यें उभा आहे. वाद दोघांचा, आणि साक्षीदाराच्या तोंडाला बोळा!

इतिहासाचें नुकसान याहून मोठें आहे. ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्युमिएर बंधूंचीं चित्रें दाखविलीं गेलीं, ३ मे १९१३ रोजीं कॉरोनेशनमध्यें ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, हें आपणांस सांगतां येतें त्याला वृत्तपत्रांतील जाहिरातींचा मोठा आधार आहे. आपले बहुतेक मूकपट नष्ट झाले. त्यांची नांवनिशाणी राहिली ती अशा कागदांमुळें. आज त्या जाहिराती ओसरल्या व वेळापत्रकें मोबाइलमध्यें गेलीं. तेथें आजचें पान उद्यां पुसलें जातें. शंभर वर्षांनंतरच्या संशोधकानें अमुक गांवीं अमुक मराठी चित्रपट किती दिवस चालला हें कशावरून शोधावें?

आणि जें नांव सर्व्हर सांगेल तें तरी धड असावें. ‘इंटर-सोसायटी डिजिटल सिनेमा फोरम’च्या नामपद्धतींत चित्रपटाच्या शीर्षकास रोमन लिपींतील चौदाच अक्षरें मिळतात. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’स रोमनमध्यें सतरा लागतात, म्हणजे तो आज निघाला असता तर सत्यवचनी राजाचें नांवहि ‘हरिश्चन्’वरच तुटलें असतें! वास्तविक यादीची फाइल एक्सएमएल स्वरूपाची असल्यानें तींत देवनागरी लिहिण्यास कोणतीहि यांत्रिक अडचण नाहीं. अडचण आहे ती आस्थेची.

आमची मागणी एवढीच: प्रत्येक उत्पादकानें चालू चित्राचें पूर्ण नांव, ओळख-क्रमांक, झालेला व उरलेला वेळ आणि यंत्राची अवस्था या चार गोष्टी केवळ वाचण्यापुरत्या, प्रसिद्ध व्याकरणानें, मोबदल्याशिवाय मालकास खुल्या कराव्यात. मालकांनींहि सर्व्हर विकत घेतांना ही अट करारांत लिहून घ्यावी. कारण पैसे मोजल्यानंतर मागितलेला हक्क भिकेसारखा मिळतो. सरकारी ग्रंथालयें व चित्रपट-संग्रहालयें यांनीं या नोंदी जमा करून घेण्याची तजवीज ठेवावी. ठरलेल्या गोष्टींच्या पाट्या आपल्याकडे पुष्कळ आहेत. घडलेल्या गोष्टींची दप्तरें मात्र थोडीं आहेत. जें दप्तर यंत्र आपण होऊन रोज लिहीत आहे, तें वाचण्याची मनाई तरी नसावी.