फोटोत कोण नाहीये?

हार्वर्ड बिझनेस स्कूलचं 1950 च्या दशकातलं एखादं ईयरबुक उघडा. एमबीए होणाऱ्यांच्या पानांवर सूट, टाय, चापूनचोपून पाडलेला भांग... आणि मुलगी एकही नाही! 1908 मध्ये सुरू झालेल्या या संस्थेनं दोन वर्षांच्या एमबीएला पहिल्या वर्षापासून मुलींना घेतलं ते थेट 1963 मध्ये. तेव्हाही आल्या फक्त आठ जणी.

म्हणूनच मला जुनी ईयरबुकं भारी वाटतात. इन्स्टावरची पोस्ट नंतर डिलीट करता येते, छापलेलं पान नाही. कॉलेजचं कौतुक करायला काढलेलं पुस्तकच पुढे कॉलेजविरुद्ध साक्ष देतं.

आपल्याकडेही वार्षिकांक निघतो. त्यात ट्रॉफीवाले, रँकर्स, जीएस हमखास असतात. पण नोकरी सांभाळून सकाळचं कॉलेज करणारा? रोज दोन तास लोकलनं येणारी? लायब्ररीतले काका? यंदा संपादक मंडळात नाव द्या आणि अंक छापायला जाण्याआधी एकच प्रश्न विचारा, ‘यात कोण नाहीये?’ नाहीतर पन्नास वर्षांनी कुणीतरी आपला अंक उघडून हेच विचारेल. तेव्हा उत्तर द्यायला आपण नसू!